गेलाचा तह आणि 'सिकेलिओट' शब्दाची भानगड

सिसिलीतल्या ग्रीक शहरांची भांडणं म्हटली की लगेच डोरियन विरुद्ध आयोनियन (ग्रीकांच्या दोन शाखा) असा हिशोब मांडतात, पण तो जुळत नाही. कामारिना हे शहर डोरियन सिराक्यूजनेच इ.स.पू. ५९९ च्या सुमारास वसवलेलं, म्हणजे पक्की डोरियन, पण पुढे त्याच सिराक्यूजने तिला दोनदा उठवलं, मग इ.स.पू. ४२७ ला सिराक्यूज आणि आयोनियन लिओंतिनी यांच्यात लढाई पेटली तेव्हा ती लिओंतिनीकडे गेली यात नवल काय. आणि इ.स.पू. ४८० मध्ये हिमेराजवळ उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी झालेली लढाई 'ग्रीक विरुद्ध परके' म्हणून सांगतात, तेव्हाही सेलिनस हे ग्रीक शहर कार्थेजच्याच बाजूला होतं!

लिओंतिनीने अथेन्सला बोलावलं, जहाजं आली, तीन वर्षं रेंगाळली. शेवटी ४२४ मध्ये आधी गेला नावाचं शहर आणि कामारिना यांनी आपसात युद्ध थांबवलं आणि मग बाकीच्यांना गेलात बोलावलं. तिथे सिराक्यूजचा प्रतिनिधी म्हणाला की आपण डोरियन-आयोनियन नाही, एकाच बेटावरचे सिकेलिओट आहोत, बाहेरच्याला मध्ये घ्यायचं नाही, आणि तह झाला. (भाषण आपल्यापर्यंत पोचलंय ते एका अथेनियन इतिहासकाराच्या शब्दांत, हे विसरू नका.)

आता हा शब्द बघा. सिकेलिओट म्हणजे सिसिलीत राहणारे ग्रीक. सिकेल म्हणजे त्यांच्या आधीपासून तिथे असलेले लोक. ऐकायला जवळजवळ सारखेच, पण पहिल्यात दुसऱ्यांना जागाच नाही. त्याच तहात मोर्गान्तिना हे मुळात सिकेलांचं गाव कामारिनाला मिळालं, बदल्यात सिराक्यूजला ठरलेली रक्कम द्यायची. म्हणजे बेट सगळ्यांचं, व्यवहार मात्र दोघांचा.

मला तर हा तह सिराक्यूजचा डावच वाटतो. जहाजं घरी परतल्यावर अथेन्सने आपल्या दोन सेनापतींना हद्दपार केलं, एकाला दंड केला, आणि इकडे दोनेक वर्षांत लिओंतिनीत जमीनवाटपावरून तंटा झाला तेव्हा तिथल्या श्रीमंतांनी सिराक्यूजलाच बोलावून सामान्य लोकांना हाकलून लावलं आणि स्वतः सिराक्यूजला जाऊन राहिले. सिसिलीतल्याच सेगेस्ता शहराच्या दूतांनी सेलिनसविरुद्ध अथेन्सकडे मदत मागितली तेव्हा लिओंतिनीतून हाकललेल्या लोकांचं गाऱ्हाणंही पुढे केलं गेलं, आणि ४१५ ला मोठं आरमार निघालं. कामारिना आधी 'आम्ही कोणाचेच नाही' म्हणत बसली, ४१३ मध्ये मात्र तिने सिराक्यूजला ५०० हॉप्लाइट (जड शस्त्रांचे पायदळ सैनिक) पाठवले, तेही वारं कुठे वाहतंय ते दिसल्यावर.