शिडाच्या नौकेने बेक्वियाला: प्रवाशांसाठी माहिती

बेक्विया हे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशातलं जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं बेट. इथे कोणालाच कसली घाई नसते, म्हणून सहलीचे निम्मे दिवस आम्ही इथेच ठेवले आहेत. आठवड्यात सगळी बेटं उरकायची असतील, तर ही सहल तुमच्यासाठी नाही.

नौका सेंट व्हिन्सेंट या देशाच्या मुख्य बेटावरच्या ब्लू लगून बंदरातून सुटते. पुढे सुमारे ९ सागरी मैल. वारा चांगला असला तर दोनेक तास. अंतर थोडं असलं तरी या समुद्राला हलकं लेखू नका. अटलांटिकवरून येणारा पूर्वेचा वारा दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात जोर धरतो. पाण्याचा प्रवाह त्याच्या विरुद्ध असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून आमचा कप्तान निघण्याआधीच शीड आखूड करून घेतो. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, वर मोकळ्या हवेत बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. बेक्वियाच्या ॲडमिरल्टी बे या उपसागराचं तोंड पश्चिमेला आहे. डोंगराच्या आडोशाला शिरलं की पाणी निवतं आणि नांगर पडतो.

पोर्ट एलिझाबेथ या बेक्वियाच्या मुख्य गावात लाकडी होड्यांच्या प्रतिकृती घडवणारे कारागीर नक्की पाहा. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या इथल्या जुन्या होड्यांचा घाट त्यांच्या हातात अजून आहे. पोहण्यासाठी प्रिन्सेस मार्गारेट बीच आम्हाला सर्वांत आवडतो.

डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम. नाताळच्या सुमारास वारे फार जोरात असतात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी मार्च-एप्रिल निवडावा. जून ते नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या काळात आम्ही नौका काढत नाही. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने शेजारच्या युनियन बेटाची केलेली दशा पाहता यात तडजोड नाही.

नौकेवर गोडं पाणी टाकीतलंच, त्यामुळे आंघोळ थोडक्यात. कडक सुटकेस ठेवायला जागा नसते, मऊ पिशवी आणा. लष्करी नक्षीचे कपडे मात्र घरीच ठेवा, ते घालणं या देशात बेकायदेशीर आहे; लहान मुलांनाही सूट नाही. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच सांगा. विमान ज्या देशांतून बदलायचं, तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी आमच्याकडून तपासून घ्या.