‘वेल्ड-थ्रू’ या शब्दाने घातलेला घोळ: जोडावरच्या गंजाची पार्श्वभूमी

अपघाताच्या गाडीचा सिल, म्हणजे दाराखालची पोकळ पेटी, बदलला, जोडावर ग्राइंडर फिरला, पुट्टी झाली, रंग झाला. दोन-तीन वर्षांनी रंगाला फुगे येतात ते नेमके त्या जोडाच्या रेषेवर. दोष रंगाला दिला जातो. गंज मात्र आतून, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतून आलेला असतो, आणि तो आत का सुरू होतो, त्यावर उपाय म्हणून निघालेल्या ‘वेल्ड-थ्रू’ प्रायमरने (वेल्डआधी मारायच्या अस्तराने) कसा घोळ घातला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. गॅस वेल्डिंग, पितळेचं ब्रेझिंग (पत्रा न वितळवता पितळ वितळवून सांधणं) आणि वर शिशाचा भराव या काळात पत्रा जाड होता, त्यामुळे गंजालाही वेळ लागायचा. ब्रेझिंगचा फ्लक्स (सांधताना लावायचं रसायन) नीट धुतला नाही तर तोच पत्रा खायचा, एवढं तेव्हाच्या कारागिरांना पाठ होतं. नंतर गाडीच्या पोटाला डांबरी लेप फासायची पद्धत आली. लेप नवा असेपर्यंत ठीक. तो सुकून तडकला की पाणी मागे शिरायचं आणि बाहेर यायला वाट नसायची.

खरा फरक पडला १९७० च्या दशकात. १९७३ च्या तेलसंकटानंतर गाड्या हलक्या करायच्या म्हणून पातळ पण जास्त ताकदीचं पोलाद आलं. त्याला गॅसच्या ज्योतीची लांबवर पसरणारी उष्णता सोसत नाही, म्हणून दुरुस्तीच्या गॅरेजांत मिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणाखाली विजेच्या आर्कने तार वितळवून सांधणं) शिरलं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत कॅथोडिक इलेक्ट्रोकोट रुळू लागला: अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवायची, विजेच्या जोरावर कानाकोपऱ्यात प्रायमर बसवायचा आणि साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायचं. १९८० च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास झाला आणि पत्र्याला आरपार भोक पडणार नाही अशी लांब मुदतीची हमी कंपन्या देऊ लागल्या.

कारखान्याने अशी झेप घेतली आणि दुरुस्ती तिथेच राहिली. काचा, वायरिंग, सीट, प्लास्टिक बसवलेली गाडी कोणी हौदात बुडवू शकत नाही आणि १७० अंशाला भाजूही शकत नाही. शिवाय वेल्डिंग म्हणजे ते सगळं संरक्षण स्वतःच्या हाताने जाळणं. जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि ९०७ अंशाला उकळतं. पोलाद वितळायला सुमारे १५०० लागतात. म्हणजे पोलादाचा रस होईपर्यंत आजूबाजूचं जस्त वाफ होऊन गेलेलं असतं. वेल्डरच्या तोंडावर येणारा पांढरा धूर तो हाच, आणि रात्री थंडी वाजून येणारा तापही त्याचाच.

असा जुना जोड स्पॉट ड्रिलने, म्हणजे वेल्डचे टाके कोरून काढणाऱ्या ड्रिलने, उघडला की सगळं डोळ्यांना दिसतं. प्लग वेल्डच्या (वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भरून घातलेल्या टाक्याच्या) ठिपक्याभोवती तपकिरी कडं, त्याबाहेर पांढरट भुकटी, म्हणजे गंजाला तोंड देताना खर्ची पडलेलं जस्त, आणि मग शाबूत करडा पत्रा. बाहेरून ज्याने रंग मारला त्याची यात काही चूक नसते. त्याचा गन तिथे पोचतच नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून बाजारात आला वेल्ड-थ्रू प्रायमर: जस्ताची पूड ठासून भरलेला, रेझिन, म्हणजे थर बांधून ठेवणारा चिकट घटक, कमी असलेला स्प्रे. जोडायच्या दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या बाजूला मारायचा आणि मग वेल्ड करायचं. घोळ सुरू होतो तो नावापासून. ‘वेल्ड-थ्रू’ म्हणजे वरून बिनधास्त वेल्ड करा, असा अर्थ लोकांनी घेतला, आणि डबे विकणाऱ्यांनीही तो खोडून काढायची घाई केली नाही. हे नाव शोभतं स्पॉट वेल्डिंगला. तिथे दोन टोकं पत्रे दाबून धरतात, करंट जस्ताच्या थरातून जातो, टाका तेवढ्या जागेपुरता बसतो आणि भोवतालचा थर बराचसा टिकतो. मिगच्या आर्कचं तसं नाही. ती प्रायमर जाळते, वाफ रसात अडकते, वेल्डमध्ये पिनहोल पडतात, ठिणग्या उडतात. गंज टाळायला मारलेला थर जोडच कमकुवत करून बसतो.

त्यात तांब्याच्या प्रायमरने भर घातली. तो चालतो छान, करंट सुरेख वाहतो, म्हणून कित्येकांचा आवडता. पण जस्त पोलादासाठी स्वतःचा बळी देतं, तर तांबं पोलादालाच बळी द्यायला लावतं. ओल असलेल्या फटीत तांब्याच्या थराला ओरखडा गेला की उघडं पडलेलं पोलाद उलट जास्त वेगाने गंजतं. हे दोन्ही डबे एकाच नावाने विकले गेले, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात न पटणारी गोष्ट वाटते.

उत्पादकांचं आजही एकमत नाही. कोणी वेल्ड-थ्रू सक्तीचा ठेवतो, कोणी साफ नको म्हणतो आणि मूळ इलेक्ट्रोकोट शक्य तितका न खरवडता ठेवायला सांगतो. दोन्ही बाजू एवढं मान्य करतात: वापरलाच तर थर पातळ, फक्त आतल्या मिळत्या पट्टीवर, मिग करायची असेल तर प्लगच्या भोकातला प्रायमर आधी काढायचा, वेल्डनंतर बाहेर उरलेलाही काढायचा, कारण रेझिन कमी असल्याने त्यावर पुढचा रंग धरत नाही. स्ट्रक्चरल ॲडहेसिव्ह (पत्रे जोडणारा मजबूत चिकटा) लावायच्या जागी तो चालत नाही, त्याचंही कारण हेच: चिकटा प्रायमरला धरतो आणि प्रायमर पत्र्याला सोडतो.

२००० नंतर मिग ब्रेझिंग आलं. सिलिकॉन-ब्राँझची तार हजार अंशाच्या आसपास वितळते, मूळ पत्रा वितळवावा लागत नाही, त्यामुळे जस्त कमी जळतं. पण उत्पादकाने सांगितलेल्या जागीच. मिगऐवजी सोयीस्कर म्हणून नव्हे.

या वादात मागे पडलं ते कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, आणि माझ्या मते जोड वाचवणारं खरं काम त्याचंच. वेल्ड झाल्यावर बाहेरून उघड्या धातूवर एपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर (जोडाची फट बुजवणारा लेप), मग रंग. आणि सर्वात शेवटी पेटीच्या आतून, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नळीने वॅक्स, जो फटीत झिरपत जळलेल्या मागच्या बाजूपर्यंत जातो. वॅक्स रंगाआधी मारला तर तो रंगात उतरतो, म्हणून क्रम बदलता येत नाही. शेवटी असल्यामुळेच तो राहून जातो: गाडी चकाचक झालेली, मालक दारात उभा, आणि एस्टिमेटवर प्रायमरची ओळ असते, वॅक्सची बऱ्याचदा नसते. जिथे मारला जातो तिथेही नंतर तार घालून पाणी निघायची भोकं मोकळी करावी लागतात, नाहीतर सिलमध्ये पाणी साठतं.