तणावा कुठून फुटतो?

उन्हाळ्यातल्या जत्रेतून पुतणीने पाच बिया आणल्या. वाटाण्याहून लहान, काळ्या, आणि प्रत्येकीवर पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा डाग. विकणाऱ्याने सांगितलं होतं, तिजोरीत ठेवा, लक्ष्मी नांदते. खरं तर बी फळाच्या आत जिथे चिकटलेलं असतं, त्या जागेचा तो डाग. त्यात दैवी काही नाही. आणि तिजोरीत बी उगवत नाही, म्हणून मृगाचा पाऊस झाल्यावर आम्ही ते वाडीत लावलं.

पहिली दोन उगवलीच नाहीत. कवच इतकं टणक की पाणी आत शिरेना. उरलेली तीन पॉलिश पेपरवर जराशी घासली, रात्रभर पाण्यात ठेवली, तेव्हा दोन कोंब वर आले. अनोळखी बी मात्र तोंडात घालू नये, पोरांच्या हाती तर देऊच नये. आपल्याकडची गुंज किती देखणी, पण तिच्यात अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं.

वीतभर वाढली तेव्हा वेल आहे हे कळलं. आधाराला पऱ्हाटी रोवली. पानाचे तीन भाग, प्रत्येकाचे पुन्हा तीन, कडा दातेरी. "हे कायची वेल होय, काका?" पुतणी रोज विचारायची. मी म्हटलं, तणावा येऊ दे. तणावा म्हणजे वेल ज्याने आधार धरते तो बारीक धागा.

वेलीची ओळख पटवताना मी आधी तणावा कुठून फुटतो ते बघतो. आपल्या लाखोळीत पानाच्या शेंड्याकडच्या पर्णिकांचा, म्हणजे पानाच्या छोट्या भागांचा, तणावा होतो. कळलावीत पानाचं टोकच वळतं. कारलं, दोडक्यात तो पानाच्या देठाजवळ, खोडातून निघतो. आमच्या वेलीत तो फुलांच्या दांड्यावर निघाला: वर बारीक पांढरी फुलं, खाली समोरासमोर दोन आकडे. म्हणजे हा तणावा मुळात फुलाचाच दांडा. चार्ल्स डार्विनने 1865 साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध छापला, त्यात त्याने ही जातही पाहिली होती.

तणाव्याची करामत बघायची तर शेजारी दोडक्याच्या मांडवाखाली उभं राहा. कोवळा तणावा हवेत सावकाश गोल फिरत आधार शोधतो. काडी लागली की स्पर्श झालेल्या बाजूपेक्षा पलीकडची बाजू भराभर वाढते आणि तो काडीभोवती वळतो. पावसाच्या थेंबाला मात्र तो फसत नाही, त्याला खरखरीत स्पर्श लागतो. श्रावणझडीत हे किती कामाचं!

पुढचं तर त्याहून सुंदर. एक टोक काडीला, दुसरं खोडाला बांधलं गेलं की मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळू लागतो. पण दोन्ही टोकं पक्की असतील तर एकाच दिशेने गुंडाळी कशी होणार? उजवीकडे एक वेढा पडला की तेवढाच पीळ डावीकडे पडायला हवा, कारण टोकं फिरू शकत नाहीत. म्हणून तणाव्याच्या मधे एक छोटा सरळ तुकडा राहतो आणि तिथून वेढ्यांची दिशा उलटते. मोजून पाहा, दोन्ही बाजूंचे वेढे जवळपास सारखे भरतात. लांब तणाव्यात अशा उलट्या जागा दोन-तीनही असतात. 2012 मध्ये काकडीच्या तणाव्यात संशोधकांना याचं यंत्र सापडलं: आत तंतुपेशींची दोन थरांची पट्टी असते. एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो आणि सपाट पट्टी गुंडाळली जाते. वादळात वेल तुटत नाही, झोके खाते, ते या स्प्रिंगमुळे.

भाद्रपदात आमच्या वेलीला फळं धरली. कागदी फुग्यासारखी, आत तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी. हिरवं होतं तोवर काही कळेना. पिकून काळं झालं आणि बदाम उमटला, तसं नाव पक्कं झालं: कपाळफोडी, रिठ्याच्या कुळातली. वनस्पतिशास्त्रात कार्डिओस्पर्मम हॅलिकाकाबम. कार्डिया म्हणजे हृदय, स्पर्मा म्हणजे बी.

पुतणीला मी आमच्या शेताच्या धुऱ्यावर नेलं. बोराटीच्या कुंपणावर हीच वेल पसरलेली होती, फुग्यांनी लगडलेली. तिने एक फुगा कपाळावर आपटून फोडला आणि आतल्या तीन बिया ओच्यात टाकल्या.