पहिला कायदा हम्मुराबीचा नव्हे

जगातला पहिला लिखित कायदा बॅबिलोनच्या (आजच्या इराकमधल्या) हम्मुराबी राजाचा आणि त्यात सगळ्यांना एकच न्याय, डोळ्याबद्दल डोळा, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही चूक. हे कायदे कोरलेली त्याची शिळा इ.स.पू. १७५०च्या सुमाराची, १९०१-०२मध्ये आजच्या इराणातल्या सुसात सापडली, तीही बहुतेक मजकुरासह, म्हणून गाजली. उर-नम्मू या राजाच्या नावाची सुमेरी (प्राचीन दक्षिण इराकमधली) संहिता तिच्याहून सुमारे साडेतीनशे वर्षं जुनी. तिथे डोळा फोडल्यास अर्धा मिना चांदी दंड, म्हणजे साधारण पाव किलो! उलट हम्मुराबीकडे डोळ्याबद्दल डोळा तो वरच्या वर्गातल्यांच्या आपसात. त्यांच्यापैकी कुणी सामान्य माणसाचा डोळा फोडला, तर एक मिना चांदी मोजून मोकळा. गुलामाचा फोडला, तर त्याची निम्मी किंमत.