नवा स्ट्रट टाकला म्हणून बसलेली गाडी उठत नाही

जुनी गाडी पुढून बसली की ‘शॉकॲब्सॉर्बर गेले, नवे टाका, गाडी उचलेल’ असं कोल्हापुरात सर्रास सांगतात. चूक आहे ते. वजन स्प्रिंग पेलते. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणारा शॉकॲब्सॉर्बर, फक्त तिची उसळी आवरतो. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. एक बाजू खाली भरली तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा हात फिरवून बघा. गंजून तुटते ती बहुतेकदा तिथेच.

स्ट्रटच्या नळीवर ओलं तेल ओघळलेलं असेल तर स्ट्रट बदलाच, पण जोडीने. स्ट्रट गाडीला जोडणारं वरचं माउंट, त्याचं बेअरिंग, दणका झेलणारं रबर म्हणजे बंप स्टॉपही तेव्हाच घ्या. मजुरी एकदाच पडते. आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरने, स्प्रिंग आवळल्याशिवाय वरचा मधला नट अजिबात सोडू नका, जिवावर बेततं. गगनबावड्याचा घाट धरण्याआधी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.