सोल्डरिंगची टिप काळी पडली? आधी ती कानस खाली ठेवा

सोल्डरिंग आयर्नची टिप, म्हणजे पुढचं टोक, तापलीये, सोल्डरची वायर लावली की सोल्डर वितळतंय पण चिकटायचं नाव नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो आणि टपकन टेबलावर. मग आपण काय करतो, कानस नाहीतर पॉलिश पेपर घेऊन टिप चकाचक घासतो. मीपण कॉलेजच्या प्रोजेक्टच्या वेळी हेच केलं, नवीकोरी टिप, दहा मिनिटं झकास चालली आणि थोड्याच दिवसांत टोकाला खड्डा.

आत काय असतं बघा. टिपेचा गाभा तांब्याचा, कारण तांबं उष्णता पटकन पुढे नेतं. पण सोल्डर म्हणजे मुख्यतः कथिल, आणि वितळलेल्या कथलात तांबं हळूहळू विरघळतं, चहात साखर विरघळावी तसं. म्हणून वरून लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो, लोखंडही विरघळतं पण फार सावकाश. कानस मारली की हा थरच जातो आणि मग कथिल तांबं खायला मोकळं. (अगदी स्वस्तातल्या आयर्नला नुसत्या तांब्याची बिट, म्हणजे टिपच, येते, ती घासून परत टोक काढायचीच असते, बहुतेक आपली सवय तिथूनच लागली.)

आणि तो काळेपणा म्हणजे नुसती घाण नाही, जळलेला फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून वायरमध्ये घातलेलं रसायन) असतो थोडा, पण खरा त्रास लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे तापलेल्या लोखंडावर हवेमुळे धरणाऱ्या गंजासारख्या थराचा. धातूला धातू चिकटतो, ऑक्साइडला सोल्डर धरत नाही, आणि उष्णतापण नीट पुढे जात नाही. मग आपण टेम्परेचर वाढवतो, त्याने ऑक्साइड अजून जोरात वाढतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिसंवाली ६३/३७ वायर (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) १८३ अंशाला वितळते, शिसं नसलेली साधारण २१७ ते २२० ला, टिप ३५०च्या आसपास ठेवली तरी रोजच्या कामाला पुष्कळ होतं. बिनशिशाच्या वायरमध्ये कथिल जास्त म्हणून ती टिप लवकर खाते, हे पण लक्षात असू द्या.

उपाय कल्हईवाल्याकडे बघितलेला आहे आपण. भांडं तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर, त्याने ऑक्साइड निघायचं, आणि लगेच कथिल फिरवून कापसाने पुसायचा. टिपेचंही तेच, फक्त नवसागर सर्किटजवळ नको, त्याचा अंश राहिला तर तांबं गंजतं. टिप टिनरची डबी मिळते, त्यात सोल्डरची पूड आणि ऑक्साइड खाणारं रसायन असतं, गरम टिप क्षणभर बुडवून फिरवायची, धूर येतो म्हणून खिडकी उघडी ठेवा, मग पितळी जाळीत खुपसायची आणि ताबडतोब नवं सोल्डर. एकदोनदा केलं की काळ्या टोकावर चांदीसारखी चकाकी पसरताना दिसते, बघायला मजा येते. पितळ लोखंडी थरापेक्षा मऊ म्हणून ओरखडा येत नाही. ओला स्पंज पण चालतो, पण फक्त ओलसर, पाणी निथळणारा नको, दरवेळी टिपेला थंडगार झटका बसतो.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते काम संपल्यावर. टिप छान पुसून, चकचकीत करून स्विच बंद करतात, उलटं करायचं असतं! शेवटी पुसूच नका, टोकावर सोल्डरचा चांगला जाड थेंब चढवा आणि मग बंद करा, हवा लागली तर त्या थेंबाला लागेल. दुसऱ्या दिवशी तापलं की जाळीत एकदा खुपसलं, थेंब गेला, खाली टिप कालच्यासारखीच.