उचल: ऊसतोडीच्या मजुरीमागचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांची बोलणी संपली आणि ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनामागे साधारण २७३ रुपये होते, ते ३६६ झाले. पण तोवर गाळप सुरू होऊन दोन महिने झाले होते. बीड, पाथर्डी, धारूरकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपासच उसाच्या फडात उतरले होते. कामाचा भाव ठरण्याआधी मजूर कामावर हजर होते, आणि भाव पटला नाही तर उठून जाण्याची मुभा त्यांना नव्हती, कारण त्यांनी उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती.

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी आणि टोळीवर मुकादम. पावसाळ्यात, पेरणीला, दवाखान्याला, लग्नाचे देणे फेडायला पैसे लागतात तेव्हा मुकादम उचल देतो. तो पैसा कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आलेला असतो. हंगामात जेवढा ऊस तोडला जाईल तेवढी उचल फिटत जाते. आजारपणात किंवा घरच्या अडचणीत दिवस बुडाला तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे दिवसाला ५०० रुपयांपर्यंत कापून घेतल्याची उदाहरणे आहेत. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी फिटले नाही, तर उरलेली रक्कम ‘बाकी’ म्हणून पुढच्या वर्षी चढते.

ही पद्धत एकाएकी आलेली नाही. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात करातून संरक्षण मिळाले आणि कालव्यांच्या पट्ट्यात खासगी कारखान्यांना जोर आला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेली ती वाट पुढे सगळ्या पश्चिम महाराष्ट्राने धरली. प्रत्येक नव्या कारखान्याला तोडणीला हात हवे होते, तेही असे की रात्री-बेरात्री गाडी भरायची हाक आली तरी हजर. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि साखरेचा उताराही. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, त्याच्या घरी इतर कामे असतात, तो भावावरून अडून बसू शकतो. फडाशेजारी कोपी (झोपडी) घालून राहणारा बाहेरचा मजूर चोवीस तास हाताशी असतो. तेव्हा कारखान्याने बाहेरचा मजूर आणला तो केवळ गावात माणसे नव्हती म्हणून, हे अर्धेच खरे. बाहेरचा मजूर सोडून जाऊ शकत नाही, ही त्याची खरी ‘पात्रता’ होती.

दुसऱ्या बाजूला, बीडकडे, बालाघाट डोंगररांगेचा कोरडवाहू पट्टा. एका खरिपावर वर्ष निघत नाही आणि गावात दुसरा धंदा नाही. १९७२ च्या दुष्काळाने तर उरलासुरला आधारही गेला. त्यानंतर रोजगार हमी योजनेने राज्यात गावोगावी कामे काढली, पण हंगामाआधी एकरकमी हातात पैसा ठेवण्याची सोय त्या योजनेत नव्हती. मुकादमाकडे होती. बँक दारात उभी करत नाही त्या माणसाला कर्ज देणारा आणि कामाला लावणारा एकच. घासाघीस तिथेच अर्धी संपते.

मग मालक कोण? शेतकरी म्हणतो, तोड कारखाना करतो. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम तर स्वतःच कमिशनवरचा माणूस. १९४८ चा किमान वेतन कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा, सगळे होते, पण लावायचे कोणावर? किमान वेतनाहून कमी पैशांत काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकामाच्या प्रकरणात सांगितले. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य होता. बीडचा मजूर कर्नाटकात गेला तर तो त्या कायद्यात बसे. कोल्हापूरला गेला तर नाही, अंतर जवळजवळ तेवढेच असले तरी.

कायद्याने न दिलेले संपाने काही प्रमाणात मिळवले. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली आणि डाव्या संघटनांच्या रेट्याने ‘कोयता बंद’ची हाक कारखानदारांना ऐकावी लागली. त्यातून दरासाठी लवाद आणि ठराविक मुदतीचे करार ही रीत बसली. ही मिळकत लहान नाही. विखुरलेल्या, निरक्षर, सहा महिने पालावर राहणाऱ्या माणसांनी राज्यभर एक दर मिळवणे सोपे नसते. पण टेबलाच्या पलीकडे सगळे कारखाने एकत्र बसलेले असतात, म्हणजे राज्यभराच्या तोडीला गिऱ्हाईक जणू एकच. शिवाय उसाला केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, जाहीर करते, २०२४-२५ साठी ती टनाला ३४०० रुपये होती. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. तोडणीचा दर वाढला की शेतकऱ्याच्या बिलातून जातो, म्हणून दोन कष्टकरी एकमेकांसमोर उभे राहतात आणि कारखाना मध्ये निवांत.

खरी चढाओढ दरात दिसतच नाही. मजूर कमी पडू लागले की कारखाने आणि वाहतूकदार दर चढवत नाहीत, उचल चढवतात. काही वर्षांपूर्वी हजारांत असलेली कोयत्याची उचल आता लाखाच्या घरात आणि वरही गेली आहे. बाजार मजुराची टंचाई ओळखतो, पण तिची किंमत मजुरी म्हणून न देता कर्ज म्हणून देतो. एक ढोबळ हिशेब करून पाहू. लाखाची उचल फेडायला जुन्या दराने ३६६ टन तोडावे लागत, नव्या दराने २७३ टन. (आकडे अदलाबदल झाल्यासारखे दिसतात, तो निव्वळ योगायोग.) कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले तर २७३ टनांना १३७ दिवस लागतात. २०२४-२५ मध्ये ऊसच कमी होता आणि बऱ्याच कारखान्यांनी शंभर दिवसांच्या आत हंगाम गुंडाळला. म्हणजे ३४ टक्के वाढ मिळूनही अशा कोयत्याची बाकी उरतेच. वाढ्यांचे (चाऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या उसाच्या शेंड्यांचे) चार पैसे आणि मुकादमाचे कमिशन या हिशेबात धरलेलेच नाही. पाऊस, उसाचे क्षेत्र, कारखान्याचे वेळापत्रक यांतले काहीच मजुराच्या हाती नाही, पण त्याची जोखीम उचलीच्या रूपाने त्याच्याच डोक्यावर.

उलट बाजूही सांगायला हवी. उचल घेऊन टोळी न आणणारे, एकाच टोळीवर दोन-तीन ठिकाणी पैसे घेणारे मुकादम आहेत, आणि त्यात ट्रॅक्टर कर्जाने घेतलेले कित्येक वाहतूकदार बुडाले आहेत. कागद नाही, नोंद नाही, कोणाकडे किती बाकी हे तिसऱ्याला कळत नाही. अशा व्यवहारात वसुली बळावर होते, आणि मारहाण, डांबून ठेवणे या बातम्या तिथूनच येतात.

यात बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, स्वयंपाक करते, पण पैसे कोयत्याचे म्हणजे नवऱ्याच्या नावे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक, पण पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही हे त्यांतले एक.

याच राज्यात वेगळी व्यवस्था आधीच उभी राहिली होती. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आला. तिथेही टोळ्या होत्या, मुकादम होते, मालक दर दिवशी बदलत होता. कायद्याने मालक आणि हमाल दोघांची नोंद मंडळाकडे घेतली. मालक मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठराविक जादा रक्कम) मंडळात भरतो, मंडळ ती कामगाराच्या नावे देते. रोखीचा धागा मुकादमाच्या हातून काढून घेतला गेला. ऊसतोड कामगारांसाठी असे मंडळ मागितले जात होते. मिळाले ते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ, ज्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे असे ठरले. त्यातून मुलांची वसतिगृहे आणि ओळखपत्रे हाती घेतली गेली. मजुरीचा पैसा मात्र त्या महामंडळातून जात नाही. तो अजून वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाच्या वहीतून कोयत्याकडे जातो.